बापाचं ताट कोण बघणार?

मुलं आईबापांना बघून खायला शिकतात, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. डॉक्टर तेच सांगतात, शाळा तेच सांगते, पोषण महिन्याच्या कार्यक्रमातले पाहुणेही तेच सांगतात. माझा त्याला विरोध नाही. माझं भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी. कारण ‘आईबाप’ म्हणून सुरू झालेलं हे बोलणं दोन मिनिटांत ‘आई’वर येतं आणि मग तिथून हलत नाही. आईने हिरवी भाजी खावी म्हणजे मूल खाईल. आईने बाहेरचं आणू नये. आईने मुलासमोर नाक मुरडू नये. बाप या सगळ्यात कुठे असतो? तो बहुधा त्या वेळी जेवत असतो.

पोषणावरचं कोणतंही पोस्टर डोळ्यांसमोर आणा. पदर घेतलेली हसरी बाई, मांडीवर गुटगुटीत बाळ, शेजारी फळांची टोपली. ती टोपली कोणी आणली, त्यातलं पहिलं फळ कोणाच्या हातात जाणार, हे पोस्टर सांगत नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात ‘माता-बाल आरोग्य’ हा शब्द आम्ही एका दमात लिहायला शिकलो. ‘पिता-बाल आरोग्य’ असा शब्द मी अजून ऐकलेला नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे तिला पन्नास वर्षं झाली. गरोदर बाई, स्तनदा माता, सहा वर्षांपर्यंतचं मूल आणि किशोरी हे तिचे लाभार्थी. त्यांना जे मिळतं ते मिळायलाच हवं, खरं तर अजून मिळायला हवं. पण सल्ला द्यायची वेळ येते तेव्हाही समोर याच बायका बसलेल्या असतात. ज्याच्या आवडीवर घरातला रोजचा स्वयंपाक ठरतो, तो माणूस त्या खोलीत पाऊल टाकत नाही आणि त्याला कोणी बोलावतही नाही.

पुण्यातल्या वस्त्यांमध्ये मी गेली दहा-बारा वर्षं काम करते. वजन न वाढणाऱ्या मुलांच्या घरी जाणं हा त्या कामाचा मोठा भाग. त्या घरांत जे दिसतं त्यावरून एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ताटात काय आहे हे मूल बघतं, पण ताटं कोणत्या क्रमाने वाढली जातात हे ते त्याहून जास्त नीट बघतं. तो क्रम बदलायचा सोडून आपण आईला पालेभाजीचे गुण शिकवत बसलो आहोत.

गाजराचा रस आणि नावडती भाजी

आधी शास्त्र बघू, कारण आईला धारेवर धरताना त्याचाच दाखला दिला जातो. फिलाडेल्फियाच्या मोनेल संशोधन केंद्रातल्या ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही बायकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, तर काहींनी बाळ अंगावर पीत असताना गाजराचा रस घेतला. उरलेल्यांनी नुसतं पाणी घेतलं. पुढे बाळं वरचं खायला लागली, तेव्हा रस घेतलेल्या आयांच्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज कमी तोंड वाकडं करत खाल्ली. म्हणजे चवीची ओळख पोटात असल्यापासूनच सुरू होते.

हे खरं आहे. पण मग पुढचा प्रश्नही विचारायला हवा. गरोदर बाईला ‘बाळ फार मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल’ म्हणून हात आखडून वाढणारी घरं आजही आहेत. पपई बंद, अंडं उष्ण म्हणून बंद, बाळंतपणानंतर कच्चं बंद, गार बंद. ज्या बाईच्या ताटात काय पडणार हे दुसरंच कोणीतरी ठरवतं, तिला ‘तुझ्या खाण्यावर बाळाची चव ठरते’ असं सांगणं म्हणजे हात बांधून पोहायला सांगण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्याच लीअन बर्च यांनी मुलांच्या खाण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. नवा पदार्थ मुलाने स्वीकारावा यासाठी तो पुन्हापुन्हा, अगदी आठ-दहा वेळासुद्धा, समोर यावा लागतो. आणि दटावून किंवा लालूच दाखवून भरवलं, तर त्या पदार्थाची नावड वाढते. वस्तीतल्या बाईने या ज्ञानाचं काय करायचं? आठ वेळा भाजी करायची आणि आठही वेळा ती मुलाने टाकायची, हे कोणाच्या खिशाला परवडतं? ती टाकलेली भाजी केराच्या डब्यात जात नाही, आईच्या पोटात जाते. मुलाचं उष्टं, नवऱ्याचं उरलेलं आणि कढईला लागलेलं, यांची बेरीज म्हणजे कित्येक बायकांचं जेवण. म्हणून ती हुशारीने, हमखास संपेल तेच करते. बटाटा करते. मग आरोग्य शिबिरात तिला विचारलं जातं, ‘‘रोज बटाटाच का हो घालता?’’

आणि हमखास काय संपेल हे कोण ठरवतं? ‘‘ह्यांना दोडका चालत नाही.’’ ‘‘ह्यांनी कारलं बघितलं की ताट सरकवतात.’’ ‘‘शेपू केली की हे बाहेर जेवून येतात.’’ गृहभेटीत ही वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली आहेत की ती माझ्या वहीत आता आखलेल्या रकान्यासारखी उतरतात. बापाने ताट सरकवलं की मुलगा ते बघतो. सरकवलेल्या ताटाबद्दल कोणी रागावत नाही, उलट आई धावत जाऊन अंडं फोडते किंवा शेंगदाण्याची चटणी वाढते, हेही तो बघतो. पुढच्या आठवड्यात तो स्वतःचं ताट सरकवतो. त्या दिवशी मात्र घरात म्हणतात, ‘‘आईने लाडावून ठेवलाय.’’

भातुकलीत काय दिसतं

आमच्या बालवाडीत चार-पाच वर्षांची मुलं भातुकली खेळतात, तेव्हा मी मुद्दाम जवळ बसते. चूल मांडली जाते, पाल्याच्या भाकरी थापल्या जातात. मग ‘आई’ झालेली मुलगी पहिलं ताट ‘बाबां’ना वाढते, दुसरं ‘दादा’ला. ‘बाबा’ झालेला मुलगा पालथी मांडी घालून, घास तोंडापर्यंत नेऊन म्हणतो, ‘‘मीठ कुठंय?’’ ती उठते, मीठ आणते, पाणी आणते. एकदा मी तिला विचारलं, ‘‘तू नाही का गं जेवायचं?’’ ती म्हणाली, ‘‘माझं काय, मी मागून जेवते.’’ वय वर्षं पाच.

हा धडा तिला कोणत्या पोस्टरने शिकवला? कोणीही नाही. रोज दोन वेळा, तीनशे पासष्ट दिवस, डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीने शिकवला. आईबापांच्या खाण्याच्या सवयी मुलांमध्ये उतरतात त्या अशा. आईची सवय मुलीत उतरते, बापाची मुलात. आणि यातल्या फक्त एकीच्या सवयीला आपण ‘संस्कार’ म्हणून डोक्यावर घेतो.

बायकांच्या गटात मी कधीकधी खडू देते आणि फरशीवर मागच्या रविवारच्या मटणाची ताटं काढायला सांगते. घरातल्या प्रत्येकाचं एक ताट, आणि त्यात जे खरोखर पडलं ते. आधी हसाहशी होते. मग चित्रं दिसू लागतात. नळी नवऱ्याच्या ताटात, कलेजी सासऱ्याच्या, चार फोडी मुलाला, दोन मुलीला. स्वतःच्या ताटात रस्सा आणि त्यात मोडलेली भाकरी. एक मावशी म्हणाल्या, ‘‘मला रस्साच आवडतो.’’ दुसरीने लगेच विचारलं, ‘‘लग्नाआधीपण रस्साच आवडायचा का?’’ त्यावर जी शांतता पसरली, ती मी कोणत्याही व्याख्यानाने आणू शकले नसते.

हे चार वस्त्यांपुरतं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आठवड्यातून एकदा तरी मासे, कोंबडी किंवा मटण खाणारे पुरुष निघाले १०० पैकी ५७ आणि बायका ४५. याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आहे, पुरुषांमध्ये २५ जणांना. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ५९, त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये ३१. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तर ६७. रक्तक्षयाची कारणं एकट्या ताटात नसतात, पाळी आहे, जंत आहेत, लागोपाठची बाळंतपणं आहेत. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेलं प्रमाण बघा: पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला २९. जिला दीडपट लागतं, तिच्या वाट्याला रस्सा.

भारतीय मानव विकास सर्वेक्षणात २०११ मध्ये असं दिसलं, की सुमारे एक चतुर्थांश घरांत बायकांनी पुरुषांचं जेवण झाल्यावरच जेवायचं असतं. पुढे २०१८ मध्ये बिहार, झारखंड आणि महाराष्ट्रातल्या बायकांशी फोनवरून बोलून केलेल्या अभ्यासात, मागून जेवणाऱ्या बायकांचं मानसिक स्वास्थ्यही जास्त खालावलेलं आढळलं. यात आश्चर्य वाटण्याजोगं काही नाही. रोज शेवटी बसणारी बाई रोज दोनदा स्वतःची किंमत ऐकत असते.

खाऊ आणणारा तो, नाही म्हणणारी ती

आपल्या भाषेत ‘खाऊ’ हा फार गोड शब्द आहे. बाप संध्याकाळी घरी येतो, मूल धावत जातं, खिशातून पाच रुपयांची पुडी निघते. तळलेलं, खारट, चकचकीत वेष्टनातलं काहीतरी. मूल खुशीत, बाप खुशीत. दिवसभर घरात नसलेल्या माणसाला प्रेम दाखवायचा हाच एक रस्ता माहीत असतो, हे मी समजू शकते. पण त्या पुडीने मुलाची भूक मोडते, आणि तासाभराने त्याच मुलापुढे वरण-भात घेऊन बसायचं काम आईचं असतं. मूल तोंड फिरवतं. ती ओरडते. म्हणजे बापाचं अन्न प्रेमाचं आणि आईचं अन्न सक्तीचं, असा हिशोब मुलाच्या डोक्यात बसतो.

ज्या घरात बाप दारू पितो, तिथे आणखी एक गोष्ट दिसते. घरात अंडं येतं ते चकन्यासाठी. उकडलेलं अंडं, भुर्जी, तळलेले शेंगदाणे. मुलं त्याच्याभोवती घोटाळतात, कारण चांगलंचुंगलं त्या ताटलीत असतं. खुशीत असला तर एखादा तुकडा मिळतो. वस्तीतल्या काही मुलांच्या आठवड्यातलं एकमेव अंडं असं मिळतं. त्या घरी जाऊन आईला अंड्याचं महत्त्व सांगायचं धाडस मला तरी होत नाही.

चहा-खारीमागचं घड्याळ

वस्तीतल्या मुलाचा सकाळचा नाश्ता म्हणजे चहा आणि खारी, चहा आणि बटर, चहा आणि बिस्किट. आईबाप तेच घेतात म्हणून मूल तेच घेतं. चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, हे आम्ही प्रशिक्षणात सांगतो. पण सातच्या आत पहिल्या घरी धुणंभांडी करायला पोचणाऱ्या बाईला नळाचं पाणी पहाटे भरायचं असतं, दुपारचा डबा करायचा असतो, मुलाचे केस विंचरायचे असतात. उपमा-पोहे दुसऱ्या कोणी करायला हरकत आहे का? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की १०० पैकी ८१ बायका रोज बिनपगारी घरकाम करतात आणि त्यात त्यांचे सरासरी २९९ मिनिटं जातात. पुरुषांपैकी असं काही काम करणारे निघाले फक्त २६, आणि त्यांची मिनिटं ९७. मुलाच्या नाश्त्याचा प्रश्न या आकड्यांमध्ये अडकलेला आहे.

बाईची भूक मारायचे उपायही घरातच असतात. सकाळी मिश्री लावली की दुपारपर्यंत पोट गप्प राहतं, असं बायका स्वतः सांगतात. किशोरी गटातल्या मुलींनी आईच्या डबीतून चोरून मिश्री लावायला सुरुवात केलेली असते. आणि उपास! संकष्टी, गुरुवार, नवरात्र, हरतालिका, वटसावित्री. कोणाच्या श्रद्धेला मला हात घालायचा नाही. पण नवऱ्यासाठी उपाशी राहणारी आई बघून दहा वर्षांची मुलगी हरतालिकेला पाणीसुद्धा पीत नाही, आणि घरातले कौतुकाने सांगतात, तेव्हा विचारावंसं वाटतं, की मुलाच्या आरोग्यासाठी बापाने धरायचा उपास कोणता?

मध्यमवर्गीय घरांतलं चित्र वेगळ्या रंगाचं आहे इतकंच. तिथे आई शेवटी जेवत नसेलही, पण ती भात मोजून खाते, आरशासमोर पोट आत ओढते, ‘आज जास्त झालं’ म्हणत रात्रीचं जेवण सोडते. बारा वर्षांची मुलगी हे टिपते आणि भात सोडते. बापाचं सुटलेलं पोट मात्र त्या घरात विनोदाचा विषय असतो, लाजेचा नव्हे. तो हातात मोबाइल धरून जेवतो, पोरगंही मोबाइलशिवाय घास घेत नाही, आणि शाळेची समुपदेशक फोन करते तो आईलाच.

कोणाचं खाणं चांगलं, कोणाचं हलकं

‘आईबापांच्या वाईट सवयी’ असं म्हणताना आपण कोणाच्या ताटाकडे बोट दाखवतो, हेही तपासायला हवं. शाळेतून ‘आदर्श डब्या’ची यादी येते. त्यात पोळी-भाजी असते, इडली असते, क्वचित पनीर असतं. सुकट नसते, बोंबील नसतात, वजडी नसते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांची खाद्यसंस्कृती नोंदवली. ज्या अन्नाने पिढ्या जगल्या, त्याची नोंद आपल्या पाककृतींच्या पुस्तकांनी कधी घेतली नव्हती. सुकटीची चटणी आणि भाकरी डब्यात आणणारं मूल ‘वास येतो’ हे ऐकून दुसऱ्या दिवशी बिस्किटाचा पुडा मागतं. मूल आईबापांसारखंच खात होतं. शाळेने त्याला आईबापांच्या अन्नाची लाज शिकवली.

आणि सरकार? २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबांच्या ताटातलं स्वस्त मांस गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. हवं असेल तर लोकवर्गणीतून द्या, असं सांगण्यात आलं. सहा ते तेवीस महिन्यांच्या १०० बाळांपैकी जेमतेम ११ जणांना किमान पुरेसा आहार मिळतो, हे सरकारच्याच पाचव्या फेरीच्या सर्वेक्षणात लिहिलेलं आहे. उरलेल्या ८९ बाळांच्या आयांना उपदेश करणं, हे आठवड्याला एक अंडं देण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. उपदेशाला निधी लागत नाही.

नेहमीचे तीन आक्षेप

‘‘पुरुष बाहेर राबतो, त्याला जास्त लागतं.’’ ऊसतोडीच्या फडावर कोयता नवरा-बायको मिळून चालवतात. मोळ्या ती बांधते, डोक्यावरून वाहते, आणि खोपीवर परतल्यावर चूलही तीच पेटवते. तिला कमी का लागावं? आणि ज्याला जास्त लागतं त्याला चार भाकरी जास्त वाढा. त्यासाठी त्याने आधी बसायची आणि निवडीचा पहिला हक्क घ्यायची गरज नाही.

‘‘सासूच सुनेला वाढत नाही, यात पुरुषाचा काय दोष?’’ सासू वाढत नाही हे खरं. तीही तीस वर्षं मागूनच जेवली आहे आणि आता तिला पहिल्यांदा वाढपाचा डाव हाती मिळाला आहे. पण ती हात आखडते तो कोणासाठी? मुलासाठी आणि नातवासाठी. ज्याला त्यातून मिळतं, त्याने एकदा ‘‘आई, तिलाही आत्ताच वाढ, आपण सगळे बरोबर बसू,’’ असं म्हटलं, तर त्या घरात काय कोसळणार आहे?

‘‘बायकांना स्वतःलाच आवडतं मागून जेवायला.’’ गरम-गरम पोळी वाढण्यात आनंद असतो, हे मी नाकारत नाही. तो आनंद पुरुषांनीही आलटून-पालटून घ्यावा. फार गोड वाटेल त्यांना. आणि ‘अन्नपूर्णा’ म्हणून तिची पूजा करायची असेल, तर देवीला नैवेद्य आधी दाखवतात, मागून नाही, एवढं लक्षात ठेवावं.

मग आपण काय करायचं

नुसती तक्रार करून थांबायचं नाही. गटांसमोर आणि संघटनांसमोर काही ठोस मुद्दे ठेवते.

एक. पोषणाचं कोणतंही सत्र बापांशिवाय घ्यायचं नाही. दुपारी दोनला अंगणवाडीत बोलावलं तर ते येणार नाहीत, म्हणून रात्री आठला चौकात घ्या, रविवारी सकाळी रिक्षा स्टँडवर घ्या, गणेश मंडळाच्या मांडवात घ्या. कमी वजनाच्या मुलाच्या घरी जाल तेव्हा बापाशी बोलल्याशिवाय भेट पूर्ण धरू नका. त्याला तीनच प्रश्न विचारा: तुम्ही कोणती भाजी खात नाही? घरी येताना काय आणता? तुमची बायको काल किती वाजता जेवली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना माहीत नसतं, आणि ते माहीत नाही हे त्यांना तिथेच कळतं.

दोन. आठवड्यातून निदान एक रात्र सगळ्यांनी एकाच वेळी बसायचं, भांडी मध्ये ठेवायची, ज्याने त्याने घ्यायचं. खोली दहा बाय दहाची असली तरी जमतं, मी बघितलं आहे. जिथे हे सुरू झालं तिथे पहिला बदल असा दिसला, की भाजी किती आहे हे पुरुषांना पहिल्यांदा दिसलं. भांडं मध्ये असलं की आपण तिसऱ्यांदा घेतलं तर कोणाला उरणार नाही, हे डोळ्यांना कळतं.

तीन. बाईच्या वाट्याचं अन्न तिच्याच पोटात जाईल अशा योजना मागायच्या. घरी नेलेला कोरडा शिधा सगळ्या घराचा होतो, आणि सगळ्या घरात ती शेवटी असते. आदिवासी भागात २०१५ साली अमृत आहार योजना आली, ती गरोदर आणि स्तनदा बायकांना अंगणवाडीतच बसून एक वेळचं पूर्ण, गरम जेवण देण्यासाठी. आपल्याकडच्या शहरी वस्त्यांमध्येही असं जेवण का नको? अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ साली प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजारांचा मातृत्व लाभ कबूल केला. मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला पाचच हजार, आणि दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच सहा हजार. कायद्यात ‘प्रत्येक’ असा शब्द आहे, तो लावून धरायचा. शाळेतलं अंडं परत मागायचं. पाळणाघरं मागायची, म्हणजे सकाळी सातला कामावर जाणाऱ्या बाईचं मूल चहा-खारीवर राहणार नाही.

चार. हे सगळं आपल्या घरांपासून. मोर्चात पुढे असणाऱ्या, ठरावांवर भांडणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरीही बैठक लांबली की चर्चा पुरुष करतात, पोळ्या बायका लाटतात, आणि ‘‘तुम्ही बसून घ्या, आम्ही मागून बसतो,’’ हे वाक्य ऐकू येतं. दारात उभी असलेली पोरं ते ऐकत असतात. चळवळीच्या शिबिरांत वाढपाची पाळी पुरुषांची असते. तीच पाळी घरीही लावावी.

मैत्रिणींनो, मुलांनी आपल्याला बघून खायला शिकावं, ही अपेक्षा योग्यच आहे. त्यांनी बघावं. मुलीने बघावं की आईचं ताट बाबांच्या ताटाबरोबर मांडलं जातं आणि त्यातही फोडी असतात. मुलाने बघावं की बाबा कारलं खातात, आवडलं नाही तरी ताट सरकवत नाहीत, आणि मीठ कमी असलं तर स्वतः उठून घेतात. पोषण महिन्यात भिंतीवर पोस्टर लावायची वेळ आली, तर त्या चित्रात बापालाही बसवा, हातात वाढपाचा डाव देऊन. आपापल्या गटात खडूने ताटं काढून बघा, आणि जे दिसेल ते पुढच्या अंकासाठी कळवा.